नफा वाढला, पण कोणाच्या खर्चाने?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीचा नफा वाढल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि कंपनीच्या मालाचे भावही चढतात, मात्र शासन सहा महिन्यांनी जाहीर करते त्या विशेष भत्त्यापलीकडे आमच्या पगारात काही पडत नाही. याला अन्याय म्हणायचे की धंद्याची रीत, आणि अन्याय असेल तर तो आकड्यांत दाखवता येतो का?

वेतन कराराच्या वाटाघाटींआधी कामगार संघटनांना कंपन्यांचे ताळेबंद वाचून देण्याचे काम मी नाशिकमध्ये बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो. नुसता नफा वाढला एवढ्यावरून अन्याय सिद्ध होत नाही. नवे यंत्र आले, भंगार कमी निघू लागले, विजेचा वापर घटला, निर्यात वाढली, अशा कारणांनी वाढलेल्या नफ्यात कामगाराने वाटा जरूर मागावा, पण त्याला लूट म्हणू नये. पूर्वी कंपनी स्वतः सोसत असलेला खर्च किंवा जोखीम जेव्हा कामगाराच्या, लहान पुरवठादाराच्या किंवा ग्राहकाच्या अंगावर ढकलली जाते आणि त्यातून नफा फुगतो, तेव्हा मात्र तक्रारीला आधार असतो. असा ढकललेला खर्च कागदावर कुठे ना कुठे उमटतोच. अडचण एवढीच की तो आपण शोधतो त्या शीर्षाखाली सापडत नाही.

देशपातळीवरचे चित्र आधी पाहू, कारण ते कामगार संघटनेच्या पत्रकातले नसून केंद्र सरकारच्याच कागदावरचे आहे. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात नमूद केले आहे की २०२३-२४ या वर्षात कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, तर रोजगार केवळ १.५ टक्क्यांनी. निफ्टी ५०० या शेअर निर्देशांकातल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचे देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाशी (जीडीपी) असलेले प्रमाण २००२-०३ मध्ये २.१ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४.८ टक्क्यांवर पोहोचले. ही २००७-०८ नंतरची सर्वांत वरची पातळी आहे. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला गेला होता, आणि सरकारच्याच अंदाजानुसार त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागणार होते. करातून वाचलेल्या पैशातून गुंतवणूक होईल, गुंतवणुकीतून नोकऱ्या निघतील आणि नोकऱ्यांमागून वेतन वाढेल, असा तो हिशोब होता. नफ्याची कडी जुळली. नोकऱ्यांची कडी त्या मानाने किती मागे राहिली, हे पाहणी अहवालातल्या दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवल्या तरी कळते.

आता तुमच्या कारखान्याकडे येऊ. कोणत्याही कंपनीच्या नफातोटा पत्रकात ‘कर्मचारी लाभ खर्च’ नावाची ओळ असते, आणि वाटाघाटीच्या टेबलावर व्यवस्थापन तीच ओळ पुढे करते. आमचा कर्मचारी खर्च विक्रीच्या अमुक टक्के आहे, यापेक्षा जास्त झेपणार नाही, असे सांगितले जाते. या ओळीत तुमचा पगार धरलेला नसतो. ठेकेदाराच्या बिलाची रक्कम बहुधा ‘इतर खर्च’ या शीर्षाखालच्या टिपणीत, कंत्राटी मजुरी, जॉबवर्क शुल्क किंवा उत्पादनविषयक सेवा अशा नावाने, वीज, दुरुस्ती आणि मालवाहतुकीच्या शेजारी बसलेली असते. कायम कामगार निवृत्त होत जातात, त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसे येतात, आणि मग कर्मचारी खर्चाची ओळ आटते, तर इतर खर्चातली ती एक टिपणी हळूहळू लठ्ठ होते. त्यामुळे गेल्या पाच वर्षांचे अहवाल घेऊन या दोन रकमा एकत्र करून त्यांचे विक्रीशी प्रमाण काढावे, आणि मग उत्पादन किती वाढले याच्या शेजारी ते ठेवावे. पुष्कळदा असे दिसते की मालाचे नग वाढले, राबणारे हातही वाढले, पण एकूण श्रमखर्चाचे विक्रीशी प्रमाण खाली आले. हा फरक कामगारांनी कमी काम केल्यामुळे पडलेला नसतो.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक कागद हाताशी असतो, ज्याकडे आपल्याकडच्या संघटना अजून पुरेशा गांभीर्याने पाहत नाहीत. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०२२-२३ पासून ‘व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल’ देणे बंधनकारक केले आहे. त्यात कामगारांची संख्या ‘कायम’ आणि ‘कायमव्यतिरिक्त’ अशा दोन रकान्यांत द्यावी लागते, किती जणांना नेमके किमान वेतन आणि किती जणांना त्याहून अधिक दिले जाते हे सांगावे लागते, आणि अपघातांची आकडेवारीही भरावी लागते. ज्या कंपनीच्या अहवालाची पहिली पाने झाडे लावल्याच्या रंगीत छायाचित्रांनी भरलेली असतात, तिच्याच मागच्या पानांत निम्म्याहून जास्त कामगार ‘कायमव्यतिरिक्त’ असल्याचे छापलेले सापडू शकते. संपूर्ण देशाच्या कारखान्यांचा विचार केला तर उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार अलीकडे दर दहा कामगारांपैकी चार ठेकेदारामार्फत येतात.

याच संदर्भात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ चा उल्लेख करायला हवा. नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचे मानधन आणि कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन (पगाराच्या क्रमाने लावलेल्या रांगेतल्या मधल्या माणसाचे वेतन) यांचे गुणोत्तर जाहीर करावे लागते, आणि ते शेकड्यांत गेले की वर्तमानपत्रांत चर्चा होते. पण हे मध्यक काढताना कंपनीच्या स्वतःच्या पटावरचीच माणसे मोजली जातात. ठेकेदाराच्या पटावरचे हजारभर लोक त्या रांगेत उभे केले, तर मधला माणूस बराच खाली सरकेल आणि गुणोत्तर कितीतरी वर जाईल. त्यामुळे छापलेले गुणोत्तर कितीही मोठे असले, तरी ते वस्तुस्थितीचे सौम्य रूप समजावे.

तुमच्यासारख्या कामगाराची एक पगारपावती समोर घेऊन पाहू. आकडे मी हिशोबाला सोपे घेतले आहेत, पण रचना नेहमीचीच आहे. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १३,००० रुपये, त्यावर ५ टक्के घरभाडे भत्ता ६५० रुपये, म्हणजे एकूण १३,६५०. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये, राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे १०३ रुपये, आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात. हातात पडतात ११,७८७ रुपये. याच कामगारासाठी ठेकेदार कंपनीला जे बिल लावतो, त्यात मालकाच्या वाट्याचा निर्वाह निधी प्रशासन शुल्कासह १३ टक्के म्हणजे १,६९० रुपये, विम्याचे ३.२५ टक्के म्हणजे ४४४ रुपये आणि ८.३३ टक्के दराने बोनसचे १,०८३ रुपये मिळवले, तर रक्कम १६,८६७ होते. त्यावर सात टक्के ठेकेदारी आकार धरला तर कंपनीला हा माणूस महिन्याला सुमारे १८,००० रुपयांना पडतो. बिलावर लागणाऱ्या जीएसटीचा परतावा कंपनीला मिळत असल्याने तो यात धरलेला नाही. शेजारच्या मशीनवर तेच काम करणारा, तीन करारांची पगारवाढ मिळालेला कायम कामगार कंपनीला ४२,००० रुपयांना पडत असेल, तर फरक २४,००० रुपयांचा झाला. अशा ५०० जागा कायम पटावरून ठेकेदाराकडे सरकल्या, तर महिन्याला १ कोटी २० लाख आणि वर्षाला १४ कोटी ४० लाख रुपये वाचतात. त्या काळात कंपनीचा वार्षिक नफा २५ कोटींनी वाढला असेल, तर त्यातला निम्म्याहून अधिक भाग कोणत्या ‘कार्यक्षमते’तून आला, हे सांगायला वेगळ्या तज्ज्ञाची गरज उरत नाही.

पावतीत जे दिसत नाही ते याहून बोचरे असते. सुरक्षा बूट, गॉगल आणि हातमोजे यांचे पैसे ठेकेदार पहिल्या दोन पगारांतून वळते करून घेतो, हा प्रकार सातपूर-अंबडमध्ये इतका अंगवळणी पडला आहे की कामगारही त्याला नियम समजतात. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ११४ नुसार कायद्याने पुरवायच्या सोयींचे शुल्क कामगाराकडून घेता येत नव्हते, आणि सुरक्षेच्या साधनांबाबत नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेचा आशयही तोच आहे. मालकाच्या वाट्याची विमा वर्गणी कामगाराच्या पगारातून वसूल करण्यालाही तशीच मनाई आहे. तरीही भरती करताना तोंडी ‘सोळा हजार’ सांगायचे आणि त्यातच दोन्ही बाजूंच्या वर्गण्या बसवायच्या, ही युक्ती सर्रास चालते. तुम्ही आपल्या निर्वाह निधीच्या पासबुकात दर महिन्याची दोन्ही जमा तपासा. पावतीवर कपात आहे आणि पासबुकात जमा नाही असे आढळले, तर तो वाद वेतनाचा राहत नाही. सरळ अपहाराचा होतो, आणि भविष्य निधी कार्यालय अशा तक्रारीची दखल कामगार कार्यालयापेक्षा लवकर घेते, असा माझा अनुभव आहे.

जोखीम कशी सरकवली जाते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ब्रेक’, म्हणजे नोकरीत मुद्दाम पाडलेला खंड. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती, म्हणून सात महिने झाले की ब्रेक द्यायचा आणि काही दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा घ्यायचा, अशी पद्धत पडली. गेटवरचा पास बदलतो, मशीन तेच राहते. वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा असल्याचे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात लिहिले आहे आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही ते आहे. पण ‘हेतू’ सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर पडते, आणि ज्याच्याकडे नेमणूकपत्रच नाही तो हेतू कशाने सिद्ध करणार? ठेकेदारी रद्द ठरली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीच्या पटावर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले. त्यानंतर या वाटेने जाणाऱ्या कामगारांचे बळ बरेच घटले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी बराच गोंगाट चालू आहे. तुमच्यापुरते सांगायचे तर प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जाईल, म्हणजे मूळ वेतन कमी दाखवून निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) वाचवण्याची जुनी चाल अवघड झाली. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर उपदान आणि तेच काम करणाऱ्या कायम कामगाराइतकेच वेतन व लाभ मिळायला हवेत. दुसऱ्या बाजूला स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती उरली आहे, आणि कामगारकपात करण्याआधी किंवा कारखाना बंद करण्याआधी शासनाची परवानगी घेण्याची मर्यादाही तीच आहे. ठेकेदारीचे नियम ५० कामगारांपासून लागू होतात, त्यामुळे ४९-४९ माणसांचे तीन ठेकेदार एकाच शॉपफ्लोअरवर दिसू लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मुख्य उत्पादनाच्या कामात ठेकेदारीला मनाई आहे खरी, पण ‘काम अचानक वाढले’, ‘हे काम सामान्यतः ठेकेदारामार्फतच होते’ अशा अपवादांची दारे एवढी रुंद ठेवली आहेत की त्यातून अख्खी असेंब्ली लाइन बाहेर पडेल. त्यामुळे माझा व्यावहारिक सल्ला असा की, संघटनेची ताकद बेताची असेल तर ‘सर्वांना कायम करा’ या मागणीच्या सोबतीने ‘ठेकेदार मधून काढा आणि मुदतीची नेमणूक कंपनीनेच द्या’ ही मागणी ठेवावी. ती मिळाली तर समान वेतनाचा आधार थेट कायद्यात सापडतो.

पुरवठादारांचा मुद्दा थोडक्यात. तुमच्या मालकाला शिव्या घालण्याआधी तो स्वतः कोणाच्या हाताखाली आहे हेही पाहायला हवे. अंबडमधल्या गाळ्यांत आठ-दहा माणसे घेऊन प्रेस पार्ट किंवा मशीनिंगचे काम करणारा लहान उद्योजक मोठ्या कंपनीकडून बिलाच्या पैशांची तीन-तीन महिने वाट पाहतो, वर ‘दरवर्षी दोन टक्के भाव कमी करा’ अशी अट पाळतो, आणि त्याच्या कामगारांचा पगार दहा तारखेऐवजी वीस तारखेला होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार ४५ दिवसांच्या आत पैसे न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, पण उद्याची ऑर्डर ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे व्याज मागायला कोण धजावणार? आयकर कायद्यात कलम ४३ब मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, तेव्हापासून थोडी शिस्त आली आहे. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात लघुउद्योगांची थकबाकी किती जुनी आहे याचा तक्ता असतो. ज्या वर्षी रोख शिल्लक विक्रमी आहे त्याच वर्षी हा तक्ता फुगलेला असेल, तर कंपनी लहान माणसाच्या बिनव्याजी पैशावर चालली आहे असे खुशाल समजावे.

आता ग्राहकाची बाजू. इथे मुद्दा अधिक निसरडा आहे, कारण ग्राहकाला बसणारा भुर्दंड बहुतेक वेळा किमतीत दिसतच नाही. दहा रुपयांच्या पुड्यातले वजन १०० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर आले, तर छापील किंमत तीच राहते, पण प्रत्येक ग्रॅम दहा पैशांऐवजी साडेबारा पैशांना पडतो. वजन २० टक्क्यांनी घटले म्हणजे भाव २५ टक्क्यांनी वाढला, हे त्रैराशिक दुकानात उभे राहून कोणी करत नाही, आणि कंपनी नेमकी त्याच भरवशावर असते. ठरावीक मालाची ठरावीक वजनातच पाकिटे विकण्याची सक्ती वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांतून काढून टाकण्यात आली. त्या बदल्यात पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापण्याची अट घातली गेली. हा भाव बारीक अक्षरांत छापलेला असतो, पण असतो. मेनरोडवरच्या किराणा दुकानातून आणलेल्या एकाच बिस्किटाचे लहान आणि मोठे पुडे शेजारी ठेवून तो वाचून पाहा. गरिबाच्या हातातला लहान पुडा अनेकदा दर ग्रॅमला महाग निघतो.

दुसरा प्रकार म्हणजे स्वस्ताई मधल्या मध्ये अडवणे. कच्चा माल महागला की नवा भाव महिन्याभरात पाकिटावर चढतो, मात्र कच्चा माल स्वस्त झाला किंवा कर कमी झाला की जुना साठा संपायचा आहे, ही सबब पुढे येते. ३० मे २०२५ रोजी केंद्राने कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ सीमाशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले, तेव्हा ही सवलत ग्राहकांपर्यंत पोहोचवा असे तेल उद्योगाला वेगळे सांगावे लागले, ते उगाच नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटे अशा अनेक वस्तूंवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ भाव तोच ठेवला, तर ११८ रुपयांची वस्तू १०५ रुपयांना मिळायला हवी. कर कमी झाल्याचा फायदा ग्राहकाला न देणे ही नफेखोरी असल्याचे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७१ मध्ये लिहिलेले आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये हे कलम घटनात्मकदृष्ट्या वैधही ठरवले. पण या कलमाखाली नव्या तक्रारी घेणे सरकारने १ एप्रिल २०२५ पासूनच बंद केले होते. म्हणजे सर्वांत मोठी करकपात आली, तेव्हा ती ग्राहकाच्या पदरात पडली की नाही हे तपासणारी चौकी उठवून जेमतेम सहा महिने झाले होते. मला हा योगायोग पटलेला नाही, आणि पटवून घेण्याची घाईही नाही.

संगनमताचे काय होते, हेही पाहा. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये संगनमताने भाव चढवल्याच्या आरोपावरून ११ सिमेंट कंपन्यांना ६,३०० कोटींहून अधिक दंड केला. अपिलात प्रकरण फेरसुनावणीला गेले, २०१६ मध्ये पुन्हा आदेश झाला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या काळात पाथर्डी फाट्याला किंवा सिडकोत ज्याने दोन खोल्यांचे घर बांधले, त्याने गोणीमागे जास्त मोजलेले पैसे कोणत्याही निकालाने परत येणार नाहीत. दंड वसूल झालाच तर तो सरकारी तिजोरीत जमा होतो आणि नुकसानभरपाईसाठी ग्राहकाला वेगळा अर्ज करावा लागतो. सिमेंटच्या चाळीस गोण्यांसाठी असा अर्ज कोण करणार?

इथे सावधगिरीचे दोन शब्द. अंतिम किंमत आणि मूळ किंमत यांतला सगळा फरक नफाच असतो, असे समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले साधारण ३३ पैसे आणि कांद्यासाठीच्या रुपयातले ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. पिंपळगाव किंवा लासलगावच्या शेतकऱ्याला हे कमी वाटणे रास्त आहे, पण उरलेल्या पैशांत वाहतूक, हमाली, अडत, नासाडी आणि साठवण हे सारे येते. त्यातले अवाजवी किती, हे प्रत्येक टप्प्याचा हिशोब मांडल्याशिवाय ठरत नाही. कंपनीच्या बाबतीतही तेच. वापरलेल्या मालाचा खर्च विक्रीच्या किती टक्के, हे प्रमाण पाच वर्षे तपासावे. माल महागल्यामुळे ते प्रमाण वाढले आणि कंपनीने भाव वाढवले, तर तक्रारीला जागा नाही. ते प्रमाण घसरले, भाव मात्र चढेच राहिले, तर तिथे बोट ठेवता येते.

व्यवस्थापनाचे नेहमीचे युक्तिवाद मला पाठ आहेत आणि त्यातले सगळेच पोकळ नाहीत. पगार वाढवले तर कारखाना दुसऱ्या राज्यात जाईल, ही धमकी नाशिकमध्ये अधूनमधून ऐकू येते आणि काही उत्पादने खरोखरच इथून हलली आहेत. मात्र जागा, विजेचा दर, मूळ ग्राहक कंपनीचे ठिकाण आणि दुसऱ्या राज्याच्या करसवलती यांचाही त्या निर्णयात मोठा वाटा असतो, आणि मजुरीचा खर्च विक्रीच्या दहा-बारा टक्के असलेल्या कारखान्यात कंत्राटी कामगाराला तीन हजार रुपये वाढवून दिल्याने स्थलांतराचे गणित फिरत नाही. शंका असल्यास ते गणित टेबलावर मागावे. दुसरा युक्तिवाद अलीकडचा आहे, की कामगारही आता भागधारक आहे, कारण निर्वाह निधीचा पैसा शेअर बाजारात जातो. हे खरे आहे. २०१५ पासून निर्वाह निधी संघटना नव्या जमा रकमेचा काही भाग, सध्या १५ टक्क्यांपर्यंत, शेअर निर्देशांकानुसार चालणाऱ्या इंडेक्स फंडांत गुंतवते. पण वरच्या पावतीतल्या कामगाराच्या महिन्याच्या निधीतून बाजारात जाणारी रक्कम काहीशे रुपयांच्या पुढे जात नाही, आणि दोन कामगारांवरच्या खर्चातला फरक २४,००० रुपयांचा आहे. परदेशी मूळ कंपनीला दिली जाणारी रॉयल्टी आणि तंत्रज्ञान शुल्क हा एक वेगळा विषय आहे. तूर्त एवढेच सांगतो की ही रक्कम नफा काढण्याआधीच वजा होते, त्यामुळे ‘यंदा नफाच कमी आहे, बोनस ८.३३ टक्केच’ असे ऐकवले जाते, तेव्हा आधी रॉयल्टीची ओळ बघावी.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग उरतो, की सुरुवात कशी करायची. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल तिच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतो, आणि नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून तिचे ताळेबंद पाहता येतात. ठेकेदाराचा परवाना कोणत्या कामासाठी आणि किती माणसांसाठी आहे, हे माहितीच्या अधिकारात कामगार उपआयुक्त कार्यालयाकडून मागवा. परवाना ‘साफसफाई व माल चढ-उतार’ यासाठी आणि तुम्ही सीएनसी मशीनवर, अशी विसंगती निघाली तर तो कागद वाटाघाटीत भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. हजेरीकार्ड, गेटपास, ओव्हरटाइमच्या नोंदी आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे संदेश यांचे फोटो दर महिन्याला जपून ठेवा. ओव्हरटाइमचा दर दुप्पट हवा. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, त्यानंतर बारा तासांची पाळी सरसकट ‘नॉर्मल’ म्हणून गळ्यात मारण्याचे प्रयत्न होतील. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा ओलांडणारा प्रत्येक तास दुप्पट दराचा आहे, हे विसरू नका. एकट्याने हे कागद घेऊन कार्यालयात जाऊ नका, कारण ठेकेदाराला नाव कळले की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवले जाते. आपल्याच ठेकेदाराकडची वीस-पंचवीस माणसे जमली की संघटनेमार्फत निवेदन द्यावे आणि त्यात मूळ कंपनीलाही पक्षकार करावे, कारण ठेकेदाराने वेतन बुडवल्यास ते देण्याची जबाबदारी कायद्याने तिच्यावर येते.

ग्राहक म्हणून करायचे काम त्यामानाने सोपे आहे. दर ग्रॅमचा भाव छापलेला नसेल, किंवा करकपातीनंतरही जुनाच भाव घेतला असेल, तर पाकिटाचा आणि बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नाशिकमध्येच, दावा दाखल करता येतो. ज्यासाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत आहे अशा तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि एकच गाऱ्हाणे असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रारही करू शकतात.

कराराची बोलणी तुमच्या कारखान्यात येत्या वर्षात व्हायची असतील, तर कायम कामगारांच्या युनियनशी आताच बोला. बहुतेक करार फक्त कायम पटावरच्या माणसांसाठी होतात आणि कंत्राटी कामगारांचा विषय शेवटच्या बैठकीत ‘सहानुभूतीने विचार करू’ या वाक्यावर संपतो. कायम कामगारांची संख्या दरवर्षी घटते आहे, पाच-सात वर्षांनी करार करण्याइतके संख्याबळ त्यांच्याकडे उरणार नाही, आणि नव्या संहितेत वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला पटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. हा हिशोब त्यांनाही कळतो. मागणीपत्रात कंत्राटी कामगारांसाठी निदान तीन कलमे त्यांच्याकडून घालून घ्या: ठेकेदार बदलला तरी सेवा अखंड धरणे, सुरक्षा साधनांची कपात बंद करणे, आणि किमान वेतनावर ठरावीक रकमेचा वेगळा उत्पादन भत्ता देणे.